गिदोन वायरमनची चार दारं

देवळाली प्रवरात गिदोन वायरमनच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की हमखास विचारायचं, "काका, ही दारं कुठं बसवायची हायेत?" बैठकीत भिंतीपासून हातभर पुढं, माणसाच्या उंचीची, कापड चढवलेली चार सपाट फळकुटं उभी. ते स्पीकर होते. आत खोकं नाही, भोंगा नाही. ताणून बसवलेला पातळ पापुद्रा थरथरतो अन् पुढूनही वाजतो, मागूनही. पहिली जोडी गिदोन कारखान्यातून रिटायर झाल्यावर आली, दुसरी पुण्यातल्या कुणा म्हाताऱ्याचं घर आवरताना मिळाली. एका जोडीत माणसं गातात, दोन जोड्यांत अख्खी मंडळी उभी राहते, असं गिदोनचं म्हणणं.

शनिवारच्या सरावाचं रेकॉर्डिंग तो त्यावर ऐकायचा अन् रविवारी चर्चमध्ये कोण कुठं घसरलं ते नाव घेऊन सांगायचा. वीस वर्षं गायनमंडळी त्याच्या कानावर चालली होती.

नाताळाची रंगरंगोटी झाली अन् तो कानच गेला. रेकॉर्डिंगात बायांचा आवाज पोकळ, बाप्यांचा तर नुसता वारा. जन्म टर्बाइनच्या घरघरीत गेलेला. कधीतरी हे होणारच होतं. डॉक्टरकडं जायचंही जिवावर आलं. त्यानं चर्चच्या पाळकांना द्यायला चिठ्ठी लिहून ठेवली : मला आता मोकळं करा.

"एवढा नाताळ तरी होऊ द्या की," त्याची बायको मरियम म्हणाली.

"काय ऐकून शिकवू? दमलो गं."

दुसरी जोडी मुलाला, सॅम्युएलला, द्यायची ठरली. रेकॉर्डिंग चालूच होतं. गिदोननं कंबर धरून वाकत त्या जोडीच्या वायरी काढल्या, अन् खोलीत आवाज भरला. मरतुकडे बाप्ये छाती काढून गायला लागले.

निम्मे स्पीकर बंद केल्यावर आवाज वाढतो कसा? त्यानं हातातली वायर चाचपली. घराच्या फिटिंगमधली उरलेली, दोन्ही पदर पिवळे. म्हणून स्पीकरच्या लाल खुंटीला जाणाऱ्या पदराला तो गाठ मारून ठेवायचा. गाठ नव्हती. वायरी उलट्या लागल्या की एक जोडी ढकलते तेव्हा दुसरी ओढते. आवाजच आवाजाला खातो.

"मरियम, हितल्या गाठी?"

"सोडल्या मी. रंगवाल्यानं ती जोडी हलवली तवा. पाव्हणे येनार, घरात गुंतवळ कशाला? सरळ करून परत लावल्या की."

"वायरमनच्या घरात जन्म काढलास, बाई!"

"मंग एवढ्या जन्मात एकदा तरी सांगायचं, गाठ कशाची ती."

त्याला हसू आलं, पण हसायलाही धाप लागली. त्यानं दोन नव्या गाठी मारल्या, वायरी लावल्या. आता बायाबाप्ये सगळे आपापल्या जागी उभे. तिसऱ्या कडव्यात गायनमंडळीतली रतनबाई घसरली, तशी त्याची मान आपसूक हलली.

"अन् चिठ्ठी?" मरियमनं विचारलं.

गिदोन फरशीवरच बसून होता.

"फाड ती. पन आधी मला उठव. मंग रतनबाईला फोन लाव."