चाचांनी सांगितलेला सिनेमा

गेल्या वर्षी त्या अंतराळपटांच्या मालिकेतला पाचवा भाग आला, तेव्हा आमच्या कॉलेजातल्या मुलांनी मला गळ घातली की मॅडम, जुने भाग आणि नवे भाग यांच्यावर तुम्ही बोलाच. मी बारामतीत पदार्थविज्ञान शिकवते. सिनेमावर बोलण्याचा माझा काही अधिकार नाही. पण चौथा भाग आला होता तेव्हा एका रविवारच्या पुरवणीत माझा लेख छापून आला होता आणि तो बऱ्याच जणांनी वाचला होता. प्राचार्यांनी बोलावून शाबासकी दिली होती. त्या लेखाचं कात्रण मी स्टाफरूममधल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. आता हे सांगतानाही लाज वाटते, पण रोज सकाळी कपाट उघडलं की मी त्याच्याकडे एकदा बघायचे.

लेखातला मुद्दा साधा होता. पहिल्या तीन भागांत पैसा कमी, यान पुठ्ठ्याचं, एका दृश्यात तर ते लटकवलेला दोरासुद्धा दिसतो. चौथ्यापासून सगळं संगणकावर केलेलं, डोळे दिपवणारं. पण जुन्या भागांत जिव्हाळा होता, तो नव्यात नाही, असं मी लिहिलं होतं. पुरावा म्हणून पहिल्या भागातला एक प्रसंग दिला होता. मालवाहू यानाची कप्तान असलेली बाई एकटीच जेवायला बसते. दाराशी दुरुस्तीचं यंत्र उभं असतं. ती त्याला विचारते, "जेवलास का?" यंत्र म्हणतं, "मी खात नाही, पण विचारलंस तेवढं पुरे." नव्या भागांत कुणी कुणाला असं विचारत नाही, असा लेखाचा शेवट होता. लोकांना तोच आवडला होता.

हा प्रसंग मी दहा वर्षांची असताना इंदापुरात पाहिला होता. आमच्या आळीत तेव्हा रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी भाड्यानं व्हीसीआर आणायचे. मशीन एकटं कधी यायचं नाही. दुकानाचा मालक त्याच्याबरोबर एक माणूस पाठवायचा, कारण वायरी उलट्यासुलट्या लावून लोक ते जाळतील अशी त्याला धास्ती होती. तो माणूस म्हणजे पंचविशीतले, सडपातळ, कानाशी कायम पेन्सिल खोचलेले चाचा. तसे चाचा म्हणण्याएवढं त्यांचं वय नव्हतं, पण आळीतली सगळी पोरं म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. हातगाडीवरून टीव्ही आणायचा, जोडून द्यायचा, चित्र हलायला लागलं की मशीन उघडून आतलं हेड पुसायला कोरा कागद फिरवायचा आणि सिनेमा संपेपर्यंत टीव्हीशेजारी उभं राहायचं, एवढं त्यांचं काम.

त्या रविवारी दुकानातल्या हिंदी कॅसेटी संपल्या होत्या म्हणून ही इंग्रजी आली. दहा मिनिटांत बायका उठायला लागल्या. माझी आई म्हणाली, "काय कळंना बाई. चला, कामं पडल्यात." तेव्हा चाचांनी टीव्हीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बसा वैनी. मी सांगतो की."

आणि त्यांनी सांगितलं. ही बाई कप्तान हाय. हिचा नवरा खाली पृथ्वीवर हाय आन ह्यो लोखंडाचा गडी तिचा सोबती. सगळा सिनेमा त्यांनी आमच्या बोलीत सांगितला. यान उडालं तेव्हा आवाज खाली घेतला, धोका आला तेव्हा थांबले आणि आम्हाला वाट बघायला लावली. बायका परत बसल्या. शेवटी माझी आई डोळे पुसत होती. नंतर दोन वर्षांत मालिकेचे पुढचे दोन भागही चाचांनीच आणले आणि तसेच सांगितले. मी विज्ञान शिकायचं ठरवलं ते त्या दुपारींमुळे. हे मी लेखात लिहिलं होतं. चाचांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. लिहिताना मला ते आठवले नाहीत असं नाही. आठवले होते. पण रविवारच्या पुरवणीत व्हीसीआरवाला माणूस कसा दिसेल, असं वाटून मी तो बाजूला ठेवला आणि सिनेमा जणू मी एकटीनंच पाहिला असं लिहिलं.

तर भाषण. सभागृह भरलं होतं, मुलं मागे उभी होती. चाळीस मिनिटं चांगली गेली. मी जुन्या-नव्या भागांची दृश्यं पडद्यावर दाखवली, दोरा दाखवला, मुलं हसली. मग 'जेवलास का'चा प्रसंग सांगितला. टाळ्या पडल्या. शेवटी प्रश्न विचारायला दुसऱ्या वर्षातली एक मुलगी उभी राहिली. हुशार, कमी बोलणारी.

ती म्हणाली, "मॅडम, तुमचा लेख वाचून मी काल पहिला भाग मुद्दाम मोबाइलवर पाहिला. खाली अक्षरं लावून. तो प्रसंग त्यात नाहीये."

मी म्हणाले, "नीट बघ. ती जेवायला बसते तेव्हा."

"ते आहे, मॅडम. पण ती फक्त विचारते, बॅटरी किती उरली. आणि ते म्हणतं, निम्मी. मग बराच वेळ कुणीच काही बोलत नाही."

ती वाद घालत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला त्याच क्षणी कळलं की ती बरोबर आहे. इतक्या वर्षांत मी तो सिनेमा पुन्हा पाहिलाच नव्हता. भाषणासाठीची दृश्यंसुद्धा मुलांनीच निवडून दिली होती.

मला म्हणता आलं असतं, की माझं चुकलं, हा प्रसंग एका माणसानं आम्हाला सांगितला होता, तो त्याचा आहे. एवढं एक वाक्य. पण समोर दीडदोनशे मुलं होती, पहिल्या रांगेत प्राचार्य होते आणि माझे कान तापले होते. मी हसले. म्हणाले, "मग त्याचं श्रेय आमच्या व्हीसीआरवाल्याला." आणि मी चाचांची नक्कल सुरू केली. चौथी शिकलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही आणि टीव्हीवर हात ठेवून कसा बोलायचा, ते मी करून दाखवलं. "ह्यो लोखंडाचा गडी हाय बगा. ह्येला भूक न्हाय लागत, वैनी." ते 'हाय' आणि 'न्हाय' मी मुद्दाम ओढून म्हटले. कानाशी पेन्सिल खोचल्याचा हावभावसुद्धा केला.

सभागृह हसून हसून लोळलं. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र खाली बसून वहीत काहीतरी बघत राहिली. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी जाताना मी खुशीत होते, हेही सांगितलं पाहिजे.

चार दिवसांनी इंदापूरहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, काय बोललीस तू भाषणात?"

"का रे?"

"कुणीतरी भाषणाच्या व्हिडिओतला तेवढाच तुकडा कापून ग्रुपवर टाकलाय. आपल्या इथं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. चाचांनी पण बघितला." मग म्हणाला, "तू ज्या बोलीची चेष्टा केलीस ना, आई अजून तशीच बोलते."

मी मुलांना तो तुकडा काढून टाकायला सांगितलं. त्यांनी लगेच काढला, पण तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. मी स्वतः तो एकदाच पाहिला, पूर्ण पाहवला नाही. नक्कल करताना माझा चेहरा किती आनंदी दिसत होता.

पुढच्या रविवारी मी इंदापूरला निघाले. काटेवाडी मागे पडली, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडत होती आणि मला ते बरंच वाटत होतं. निमगावच्या पानमळ्यांपाशी थांबून मी काय बोलायचं ते मनात जुळवून पाहिलं. सगळी वाक्यं पुस्तकी होती. त्यांतलं एकही चाचांसमोर म्हणता येण्यासारखं नव्हतं.

चाचांचं आता मोबाइलची कव्हरं, चार्जर विकायचं लहानसं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. ते स्टुलावर बसले होते. केस पांढरे झालेले, अंगानं अजून तसेच. मला पाहून उठले.

"या मॅडम. बसा. तुमी कशा काय आला?"

ते मला कायम 'ए बाय' म्हणायचे. 'तुमी' ऐकलं आणि माझं जुळवलेलं सगळं गेलं. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "चाचा, माझं चुकलं. मी तुमची थट्टा केली. माझी चूक झाकायला केली."

त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "नक्कल बरी केली तुमी. पेन्सिल बी ध्यानात हाय म्हणायची."

ते रागानं बोलत नव्हते. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, "चाचा, तो जेवणाचा प्रसंग सिनेमात नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. येवढं तर कळतंच. ती कॅसेट मी लई घरात लावली. हितं ती बाई जेवती आन दोन मिनिटं कुनी काय बोलत न्हाय. पयल्या घरात त्या दोन मिनटात बाया उठून गेल्या. मग तुमच्या आळीत मी तितं बोलनं घातलं. बाई जेवायला बसली आन दारात कुनी उभं असलं, तर काय इचारंल? जेवलास का म्हनूनच इचारंल. त्येला काय इंग्रजी लागतंय?"

चहा आला. मी विचारलं, "नवे भाग पाहिले का तुम्ही?"

"नातीनं दावला की मोबाइलवर. हिंदीत हाय आता, समदं कळतं."

"कसा वाटला?"

त्यांनी बशीत चहा ओतून घेतला. विचार करून म्हणाले, "चांगला हाय. वाईट म्हननार न्हाय मी. पन सारखं कायतर फुटतंय, कोन तर वरडतंय. जुन्यात गप बसायचे लोक, तवा मला बोलता येत हुतं. ह्यात मदी बोलायला जागाच न्हाय ठेवली."

मी दोन हजार शब्दांचा लेख लिहून आणि चाळीस मिनिटांचं भाषण करून जे सांगायला गेले होते, ते हे होतं. आणि मला ते सापडलं नव्हतं. जुन्या सिनेमात जिव्हाळा होता, असं मी सगळ्यांना सांगत हिंडले. सिनेमात तर नुसती दोन मिनिटांची शांतता होती. जिव्हाळा टीव्हीशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा होता, आणि त्याच्यावर मी लोकांना हसवलं.

मी तसं त्यांना म्हणाले, मोडक्यातोडक्या शब्दांत. चाचांनी मान हलवली. "माझं काय न्हाय, मॅडम. माझ्यावर लोक हसले तरी मला सवय हाय. पन ह्या पोरीला तेवढं सांगा काय तर."

आतल्या दारात त्यांची नात उभी होती. बारावीला होती. चाचांनी सांगितलं की तिला विज्ञानच पुढं शिकायचं आहे, आमच्या कॉलेजात यायचं तिनं ठरवलं होतं. तो तुकडा पाहिल्यापासून नको म्हणते आहे. सून मध्येच म्हणाली, "म्हणती, तितं आमी बोललो की हसतील."

मी तिला म्हणाले, "तुझ्यावर कुणी हसणार नाही. चूक माझी आहे. तू ये."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. म्हणाली, "तुमी बी हितल्याच ना?"

मी हो म्हणाले.

"मग तुमी तितं असं का बोलता?"

तिला माझी शुद्ध भाषा खटकली होती की थट्टा, ते मी विचारलं नाही. दोन्हींचं उत्तर माझ्याकडे एकच होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. बारामतीत शिकायला आले त्या पहिल्या वर्षी वर्गात मी एकदा 'न्हाय' म्हणाले होते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द परत म्हटला होता. त्यानंतर मी जपून बोलायला शिकले. इतकं जपून की कुणावर हसायचं, तेही शिकून घेतलं. ती उत्तराची वाट बघून आत गेली. चाचांनी तिला परत बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात मी कॉलेजात पुन्हा बोलायची परवानगी मागितली. या वेळी वीसेक मुलं आली. खरं काय घडलं ते सांगितलं. तो प्रसंग कुणाचा, त्यांनी तो का घातला आणि मी काय केलं. काही वाक्यं आमच्या बोलीत बोलून पाहिली, पण ती माझ्या तोंडी आता नक्कल केल्यासारखीच वाटत होती, म्हणून सोडून दिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रश्न विचारणारी ती मुलगी आली होती. जाताना म्हणाली, "मॅडम, मी तेव्हा विचारायला नको होतं." मी तिला सांगितलं, की तू विचारलंस तेच बरोबर होतं. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. त्यानंतर तिनं वर्गातही फारसे प्रश्न विचारले नाहीत. तेही माझ्याच खात्यावर आहे.

त्या पुरवणीच्या संपादकांना मी दुरुस्ती पाठवली. ती छापली गेली नाही. इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती कोण वाचणार, असं त्यांनी कळवलं. मी कात्रण काढलं, तर दाराचा रंग त्याबरोबर निघून आला.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. मी दोनदा चाचांच्या दुकानावर फोन केला. ते नीट बोलले, घरच्यांची चौकशी केली, "बगू, पोरगी काय म्हनती" असं म्हणाले. पहिली यादी लागली तेव्हा मी ऑफिसात जाऊन ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग दुसरीही वाचली. ती नव्हती. नंतर भावाकडून कळलं की तिनं इंदापुरातच प्रवेश घेतला.

मी दुसरी यादी वाचत असताना टेबलामागच्या क्लार्कनं विचारलं होतं, "कुणी नात्यातलं आहे का, मॅडम? सांगा, बघतो मी."

"नात्यातलं नाही," मी म्हणाले. मग कोण, असं त्यांनी विचारलं. मी यादी परत दिली आणि तासाला गेले.