खंडातली सही

श्रीरामपुरातल्या आमच्या सहकारी ग्राहक भांडाराच्या शाखा जिल्हाभर होत्या आणि सगळीकडे एकच थेर: तात्पुरत्या माणसाला काही महिने झाले की 'खंड' द्यायचा. म्हणजे सलग आठवडाभर घरी बसा, मग नवा अर्ज करा, पुन्हा नवखे व्हा. नोकरी सलग भरली की माणसाला कायम करावं लागतं ना! कायदा असा चुकवायचा आणि वर आम्हीच उपकार मानायचे. आजही आठवलं की डोकं उठतं.

कापडाच्या काउंटरवर माझ्या शेजारी कोल्हारच्या एक मावशी होत्या. लुगड्याला नुसता हात लावून पोत सांगणारी बाई! एकाहत्तरच्या दिवाळीआधी त्यांना खंड दिला, आणि तिसऱ्याच दिवशी कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी बांधल्या दराच्या धोतरांसाठी रांग लागली. मॅनेजरांनी निरोप धाडला, "या की घरच्यासारख्या. फक्त मस्टरला हात लावू नका."

घरच्यासारख्या म्हणे! मावशी आल्या, आणि सवयीनं आत शिरताशिरता सही ठोकून मोकळ्या झाल्या. संध्याकाळी मॅनेजरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या एका सहीनं खंड मोडत होता, मावशी कायम होत होत्या.

"खोडा ती."

"का म्हून खोडू? सकाळधरनं उभी हाय मी हितं. तुमीच बोलावलं न्हवं?"

मॅनेजरांनी स्वतःच खोडली. मावशींनी मग सरळ मजूर खात्याकडे तक्रार केली, आणि तिथले अधिकारी दुकानात चौकशीला आले. बाकीच्यांनी काही पाहिलंच नव्हतं म्हणे. उरले मी. माझा खंड पुढच्याच आठवड्यात होता आणि मॅनेजर अगदी खेटून उभे होते.

"त्या दिवशी या बाई कामावर होत्या?"

"आल्या होत्या," मी म्हणाले, "पण गिऱ्हाईक म्हणून."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं पोरी, मग दिसभर तुझ्याशेजारी कापड कोन फाडत हुतं?"

मी समोरच्या धोतराची घडी मोडून पुन्हा घालू लागले. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले.

मावशींना पुन्हा कुणी अर्जसुद्धा करू दिला नाही. माझा खंड मात्र आलाच नाही. मी कायम झाले. निवृत्त होईपर्यंत ती नोकरी केली मी. मॅनेजरांना लबाड म्हणायला तोंड उघडते, आणि तसंच मिटते.