भेंडाचे पंख

माझ्या रॉकेट ग्लायडरच्या पंखांचे पहिले दोन जोड वरच्या वर मोडले. थर्माकोलचे होते. बारुदाची नळी पेटली की दीड-दोन सेकंदात ते ताडाच्याही वर जातं, आणि त्या झटक्यात पंख फडफडून तुटतात. नळी विझल्यावर पुढचं सगळं हातातल्या रिमोटवर. शेपटी हळूहळू हलवायची आणि घारीसारखं गोल फिरवत खाली आणायचं. पण पंख उरले तर ना! बायको म्हणाली, "लोकायचे टीव्ही दुकानात पडून आहेत, अन् तुमी खेळणे बनवून राहिले." तिचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

मला हलकं आणि तरी ताठ असं काहीतरी हवं होतं. आमच्या अड्याळकडच्या बोड्या-तलावांत भेंड उगवतं. पाण्यातलं झुडूप, आतून पांढरंशुभ्र, वाळलं की हातात घेतल्यासारखंच वाटत नाही. लग्नातली बाशिंगं त्याचीच करतात. शेजारच्या आबाजींनी शेती सांभाळून जन्मभर तेच केलं. पाऊस संपला की तलावात उतरून भेंड कापायचं, महिनाभर सावलीत वाळवायचं, मग सुरीनं पातळ पट्ट्या काढायच्या. पण हल्ली बाजारात चमकीची तयार बाशिंगं मिळतात. दोन वर्षांत त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं, आणि त्यांच्या छपरीच्या माळ्यावर वाळक्या भेंडाची एक पेंढी नुसती पडलेली मला रोज दिसायची.

आबाजी मुलीकडे करडीला गेले होते तेव्हा मी ती काढून आणली. विचारलं असतं तर त्यांनी हसत दिली असती. पण कचरा मागायला काय जायचं, असं मला वाटलं. आले की सांगू म्हटलं आणि कामाला लागलो. पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या, मधून बांबूची कामटी घातली, वरून पतंगाचा कागद. काय पंख झाला, बापा! तळहातावर ठेवला तर फुंकरीनं उडेल इतका हलका. अर्ध्या पेंढीत एक बाजू झाली.

आठ दिवसांनी आबाजी परत आले, आणि भिंतीपलीकडून डबे सरकवल्याचा आवाज आला. नातीचं लग्न ठरलं होतं. तिच्या बाशिंगासाठी आबाजींनी ती पेंढी निवडून ठेवली होती, शेवटचं एक बाशिंग स्वतःच्या हातानं करायचं म्हणून. तलाव आटत आले होते. नवं भेंड कुठून आणणार आणि ते वाळणार कधी?

माझ्या टेबलावर अर्धी पेंढी अजून शाबूत होती. एका बाशिंगाला ती पुरली असती. उचलून नेऊन दिली असती तर दोन शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण मग बाकीची अर्धी कुठं गेली ते सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर तो पंख मला सोडवत नव्हता. मी दार लावून दुसरी बाजूही चिकटवली. इतक्यावर भागलं नाही. त्यांच्या सुनेनं हाक मारली तसा मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो आणि अर्धा तास पेंढी शोधली. खाली उतरून म्हणालो, "नाही जी, इथं काही नाही."

"तुमीच चुलीत घातलं असन, आबाजी," सून म्हणाली. रागानं नाही, समजुतीनं.

"असन बाई," आबाजी म्हणाले. "मले आठवून नाही राहिलं."

लग्नात नातीच्या कपाळावर बाजारातलं बाशिंग होतं. आबाजी अक्षता हातात घेऊन बसले होते, त्या टाकायच्याही राहिल्या. त्यानंतर ते जेवून उठले की विचारायचे, "मी जेवलो का?" चप्पल पायात असताना शोधायचे. सुरी त्यांनी स्वतःच सुनेच्या हाती दिली, "कुठी ठेवीन अन् कोणाले लागन," म्हणून. घरात सगळे त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलू लागले. म्हातारपण कोणाला चुकलंय, असं मी मनाला सांगायचो. ती पेंढी नसती हरवली तरी हे झालंच असतं, असंही सांगायचो. पण मला लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

मे महिन्यात एका सकाळी तलावाच्या पाळीखाली, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांत मी ते ग्लायडर उडवलं. सुंदर गेलं. वर नळी विझली, पंखांनी हवा धरली आणि ते तलावावरून तीन चकरा मारून माझ्यापासून दहा पावलांवर उतरलं. धसकटात अडकून पंखाचा कागद तेवढा जरा फाटला. मी पोहोचायच्या आत आबाजी काठी टेकत तिथं आले होते. पाळीवरून बघत असावेत. त्यांनी ते उचललं आणि फाटल्या जागी अंगठा दाबला.

"बाबू, हे भेंड होय का?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ मला कधी मिळणार नव्हती.

"नाही, आबाजी. थर्माकोल हाये."

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. नाकाशी नेऊन वास घेतला. मग ग्लायडर जपून माझ्या हातात दिलं.

"हाव? मले तं भेंडच वाटलं." ते आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. "आता बोटायलेही समजत नाही, बाबू. मले घरापर्यंत नेऊन दे. रस्ता चुकीन मी."

घर तिथून दिसत होतं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी नेऊन सोडलं.