कागदावरचा भासरा

आमच्या गावात पहिला पासपोर्ट आला तो भिवाजीच्या नावाचा, आन् त्यावर मस्कतला गेला महिपत.

साल ब्याऐंशी. आदिलाबादकडच्या बेल्यापासून दीड कोसावर आमचं गाव, कापसाच्या पऱ्हाटीचं आन् ज्वारीचं. भाऊ दोघं, थोरला भिवाजी, धाकटा महिपत. मायबाप कधीचे वारलेले. निर्मल गावाकडचा एक एजंट तेव्हा पोरं गोळा करत फिरायचा. त्याच्या नादी लागून भिवाजीनं कागद केले. विसा आला, तारीख लागली, आन् निघायच्या दिवशी आदिलाबादच्या बसस्टँडवर भिवाजीच्या पोटात गोळा उठला. बाकड्यावर बसला तो उठेच ना. "मले समुद्रावरून नाई जाता येत," म्हणे. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. पैनगंगेच्या पुरालेच तो भ्यायचा.

एजंटानं तंबाखू मळली आन् सांगितलं, "विसा भिवाजीचा हाये, भिवाजी पायजे. कोनता भिवाजी, हे मस्कतले काय मालूम?"

भावाला पोचवायला महिपत आलेला होता. तेच नाक, तेच रुंद कपाळ, चार वर्षांनी लहान. ट्रॅक्टर हाणायचा, हात चांगला होता. एजंटानं त्याच्याकडं पाहिलं, महिपतनं भावाकडं पाहिलं, भिवाजी खाली पाहत राह्यला. भावाची थैली उचलून महिपत गाडीत चढला. मुंबईत फोटो बदलला. बाकी सगळं भिवाजीचं, नाव, जन्मसाल, बायकोच्या जागी मनकर्णा.

आज ऐकताना अंगावर काटा येतो. त्या दिवशी कोणालेच त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडं माणसाचं नाव तोंडावर चालायचं. कागद म्हणजे जमिनीच्या नोंदी पाहणारा गिरदावर आला की पेटीतून काढायची, तो गेला की परत घालायची वस्तू.

महिपतची खरी बायको द्वारका. मुधोळकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्याची पोरगी. हैदराबादला तीन वर्षं नर्सिंग शिकलेली. आमच्या गावात आलेली ती पहिली शिकलेली सून. लगीन होऊन सहाच महिने झाले होते. तिची नोकरी सरकारी दवाखान्यात, कधी उटनूर, कधी जैनूर, कधी आसिफाबाद. नवरा गेला हे तिला दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर कळलं. ती म्हणाली, "सांगून तरी जायचं." एवढंच. मग पुढचं इंजेक्शन भरलं.

महिपत दर दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी यायचा. तिला सुट्टी मिळायची दहा दिवस. तो गावात आन् ती उटनूरला, अशी ती सुट्टी जायची. बाया विचारत, "शिष्टर, पाळना काऊन नाई हालत?" ती म्हणे, "पाळन्याले दोन दोऱ्या लागतात. एक हाये जैनूरले, एक मस्कतले." बाया खदखदा हसत. ती हसत नसे.

तिकडं महिपत डोंगर फोडून रस्ते करायच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला होता. चार वर्षांत मोठ्या मशिनीवर बसला. ऑपरेटर झाला की कंपनी बायको आणू द्यायची, खोलीही द्यायची. शहाऐंशीत त्याचं पत्र आलं. मनकर्णाअक्काच्या नावानं पासपोर्ट कर आन् ये. तू इथी मनकर्णा, मी भिवाजी, कोन पाहते?

द्वारकानं उलट टपाली लिहिलं. "सर्टिफिकेट द्वारकाचं हाये. मनकर्णा होऊन आली तं तिथं तुमच्या भाकरीच थापत बसीन. तीन वर्षं मुडदे धुवून शिकली म्या. तुमीच महिपत व्हा. घरी या, आपल्या नावाचा पासपोर्ट करा."

त्याचं उत्तर यायला दोन महिने लागले. नवं नाव म्हणजे परत हेल्पर, परत घमेली. मशीन भिवाजीची हाये, महिपतले कोन देते?

दोघांचंही खरं होतं. तिनं आपलं नाव सोडलं नाही, त्यानं भावाचं. सारा घोळ तिथंच झाला. पण नवरा-बायको एका छताखाली राहावं, एवढंच दोघांना पाहिजे होतं. म्हणून अठ्ठ्याऐंशीत सरकारी नोकरी सोडून ती मस्कतच्या एका दवाखान्यात स्वतःच्या नावानं लागली. पासपोर्टावर नाव द्वारकाबाई, नवऱ्याचं नाव महिपत. आन् ज्याच्यासाठी गेली तो त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूला भिवाजी म्हणून राहत होता.

नर्सांचं हॉस्टेल होतं. भेट फक्त शुक्रवारी, तीही नवऱ्याशी नाहीतर जवळच्या नात्यातल्या माणसाशी, खालच्या हॉलात. दारावरची मलबारी मेट्रन प्रत्येकाचं कार्ड पाहून रजिस्टर भरायची. पहिल्या शुक्रवारी तिनं विचारलं, "ये कौन तेरा?"

कार्डावर भिवाजी. द्वारकाच्या पासपोर्टात महिपत. ती गडबडली. महिपतनंच सांगितलं, "जेठ."

म्हणजे भासरा. नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं भासऱ्यासमोर बाईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढायचा, त्याच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही, आन् त्याच्याशी बोलायचं तं मधात भिंत नाहीतर पोट्टं पाहिजे. मेट्रन तिकडं वळली की महिपत बाकड्यावर सरकून बसे.

"पदर घे ना बाई. भासरा आलो मी."

"घेते ना. तुमीच घ्या, तोंड झाका. लाज तं नाई."

"भासऱ्यासमोर एवढं तोंड वर करून बोलते का कोनी?"

"भासरा बी भावजयीच्या मांडीले मांडी लावून बसते का? सरका तिकडे, मेट्रन पाहून राह्यली."

तो सरके. दोन फूट जागा मधात. चार वर्षं त्यांचा संसार ह्या दोन फुटांत झाला. तो खजूर आणे, ती ताप-खोकल्याच्या गोळ्या देई. बायकोला नवऱ्याची नाडी सगळ्यांसमोर धरता येत नव्हती, नर्स म्हणून येत होती. म्हणून दर शुक्रवारी ती त्याची नाडी पाहायची. मेट्रन म्हणायची, "जेठ का बहुत खयाल रखती."

एक्क्याण्णवच्या दिवाळीत महिपत वाकला. चाळिशी जवळ आली होती, कागदावर तर ओलांडली होती. शुक्रवारी येऊन म्हणाला, "उन्हाळ्यात सुट्टी हाये. जातो घरी. भिवाजीचा पासपोर्ट फाडतो, महिपतचा करतो. घमेली तं घमेली."

"खरंच?"

"खरंच. चार वर्षं पदराचीच मस्करी करून राह्यलो. आता दाताखाली येऊन राह्यली."

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत, गुरुवारी दुपारी, डोंगराची कड खचून मशीन उलटली. कंपनीच्या गाडीतून त्याला तिच्याच दवाखान्यात आणलं. कॅज्युअल्टीत दिवसपाळी तिची. चादर बाजूला केली तेव्हा नाडी नव्हती. तरी तिनं मनगट धरलं, मिनिटभर मोजलं. खिशातलं कार्ड काढून डॉक्टरनं नाव वाचलं, भिवाजी. हॉस्टेलची मेट्रन कशाला तरी तिथं आलेली. तिनं ओळखलं.

"सिस्टर, ये तो तेरा जेठ है ना?"

सगळे तिच्याकडं पाहत होते. नवरा म्हणावं तर पासपोर्ट खोटा निघणार, पोलीस येणार, मुडदा कुलपात जाणार. ती हो म्हणाली.

ती पुढं सांगायची, "दर शुक्रवारी ते म्हनत पदर घे. त्या दिवशी त्यायच्या तोंडावर पदर म्याच ओढला."

भासऱ्याच्या मौतीला दवाखान्यात दोन दिवस सुट्टी होती. नवऱ्याच्या मौतीला जास्त. ती दोन दिवस घेऊन परत पाळीवर आली. कुंकू लावून, मंगळसूत्र घालून. काढलं असतं तर मेट्रननं विचारलं असतं, भासऱ्यासाठी कोण काढते?

आता एकच गोष्ट उरली होती, त्याला पैनगंगेच्या काठी आणणं. त्यासाठी बायकोचा अंगठा लागत होता. कागदावरच्या बायकोचा. सरकारी शिक्क्याच्या कागदावर मनकर्णानं लिहून द्यायचं की भिवाजी माझा नवरा, तो मेला, त्याला माझ्या हवाली करा.

बेल्यात माणिकरावच्या किराणा दुकानात फोन होता. निरोप धाडून मनकर्णाला बोलावलं. भिवाजीही आला, दुकानाच्या पायरीवर बसला. सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं ते बोलणं.

"अक्का, एक अंगठा दे. फक्त एक. मानूस घरी येते."

"माय वं, तू काय मागून राह्यली तुले समजते का? माहा नवरा इथी पायरीवर बसून बिडी पिऊन राह्यला. अन् म्या लिहून देऊ का तो मेला?"

"तो कागद हाये, अक्का."

"कुंकू बी कपायावर रंगच असते. पुसून दाखव मंग तू."

माणिकराव म्हणाला, "बोला लवकर, लाइन कटते."

"मोठ्या भाऊजीले दे," द्वारका म्हणाली.

खऱ्या भासऱ्याशी ती त्याआधी सरळ कधी बोलली नव्हती. भिवाजीनं फोन कानाला लावला तो उलटा. माणिकरावनं सरळ करून दिला.

"मोठे भाऊजी, तुमच्या जागेवर गेलते ते. बसस्टँडवर तुमचं पोट दुखलं म्हनून."

भिवाजी बोलला तो खाली पाहूनच. "म्या गिरदावराले इचारलं, बाई. तो म्हने, एकदा मेल्याची नोंद, फौत, लागली का वारसाची विरासत लागते. जमिनीच्या पहाणीतून नाव जाते. मंग म्या जित्ता हाये म्हनून कोनाले सांगू? रोज कचेरीत जाऊन नाडी दाखवू?"

"त्यायची नाडी म्या पाहिली," द्वारका म्हणाली, आन् तिकडून फोन ठेवला.

मनकर्णाला वाईट बाई म्हणून मोकळं होता येत नाही. गावातल्या कोणत्याही बाईला विचारा, नवरा समोर बसलेला असताना रांडपणाच्या कागदावर अंगठा देशील का? आमच्याकडं तर खेळात कोणी मेल्याचं सोंग घेतलं तरी म्हातारी बोटं मोडते. तिला पुन्हा तीनदा बोलावलं. ती आली नाही. हाताला चुना लावून बसली, अंगठा फाटला म्हणे.

सदतीस दिवस महिपत बर्फात राह्यला. खाली तो, वर दुसऱ्या माळ्यावर ती ड्यूटीवर. शेवटी कंपनीच्या माणसानं कागद आणला. वारस येत नसेल तर इथल्या मसणात जाळू द्या, जवळच्या कोणाची सही हवी. नात्याच्या रकान्यात द्वारकानं लिहिलं, भावाची बायको. सही केली. आपल्या नावानं, पूर्ण.

महिपतसंगं काम करणारे तिघं होते आन् ती होती. अग्नी तिनंच दिला.

राख पत्र्याच्या डब्यात भरून मिळाली. डब्यावर इंग्रजी अक्षरांत नाव, भिवाजी. डबा दोन वर्षं तिच्या पेटीत, साड्यांच्या खाली. करार संपल्याशिवाय निघता येत नव्हतं. भासऱ्याची राख पोचवायला कोण सोडते?

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात ती आली. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. विहिरीजवळ बाया जमल्या होत्या, दोघी विधवा म्हाताऱ्या पुढं. रिवाजच आहे, बांगड्या त्याच फोडतात. मनकर्णा मागं, खांबाआड.

म्हातारी म्हणाली, "ये माय. हात दे. दोन वर्सं झाले, आता तं दे."

"कोनाच्या नावानं फोडता?"

"महिपतच्या, अजून कोनाच्या?"

"महिपत कुठी मेला? कागद हाये कोनापाशी?"

येतानाच ती आदिलाबादच्या कचेरीत जाऊन आली होती. महिपतच्या फौतीचा दाखला मागितला. कारकून म्हणाला, महिपत देशाबाहेर गेल्याचीच नोंद नाही, तर मरन कुठून? रेशन कार्डावर होता, मतदार यादीतही होता.

"म्या भासऱ्याले जाळून आली," ती म्हणाली. "सही बी तशीच केली हाये. आता भावजय म्हनूनच राहीन."

तिनं डबा ओट्यावर ठेवला. भिवाजी घरातून बाहेर आला. शाळेत चार बुकं शिकला होता, स्वतःचं नाव तेवढं इंग्रजीत ओळखू यायचं. त्यानं ते वाचलं. हात पुढं केला, मागं घेतला. नदीवर संगं या, असं ती म्हणाली नाही. तो गेलाही नाही. पैनगंगेत राख तिनं एकटीनं सोडली. डबा धुऊन आणला. त्यात मीठ ठेवते.

ती गावातच राह्यली. दोघा भावांच्या, मधात एक भिंत असलेल्या त्याच घरात, महिपतच्या वाटणीच्या दोन खोल्यांत. दुखणंखुपणं पाहते, बाळंतपणं करते, मांडवात आन् मसणात दोन्हीकडं कुंकू लावून जाते. बाया मागं बोलतात. बाळंतीण अडली की तिलाच बोलावतात.

मस्कतला जायच्या आधी, शिकलेली म्हणून, ती भिवाजीसमोर पदर नुसता डोक्यावर घ्यायची. आल्यापासून रीत पुरी पाळते. तो समोरच्या, दोघांच्या अंगणात दिसला की हातातलं काम टाकते, उभी राहते, पदर छातीपर्यंत ओढते आन् भिंतीकडं तोंड करते. तो जाईपर्यंत हालत नाही. सकाळी बैल सोडताना, दुपारी भाकरीला येताना, संध्याकाळी. मनकर्णा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "द्वारका, नको ना वं असं करू. हातचं काम तं करत राह्य, पदर राहू दे."

"काऊन अक्का? भासरा हाये ना माहा?"

दोन वर्षं भिवाजीनं ते पाहिलं. शहाण्णवच्या पेरणीआधी त्यानं गवंडी आणला आन् घराला मागच्या भिंतीतून दार पाडलं. तिकडून उकिरडा लागतो, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. बैलं त्या वाटेनं जात नाहीत, त्यांना समोरूनच न्यावं लागतं. बैलं न्यायला मनकर्णा येते. भिवाजी मागच्या दारानं जातो.