जागा पुरत नाही म्हणे

"औटलाइन खोटं बोलत नाय, मॅडम." एक डोळा मिटून, अंगठा समोरच्या भिंतीकडे रोखून ते म्हणायचे. मग तोच अंगठा पँटला पुसायचे. त्यांच्या सगळ्या पँटींना उजव्या बाजूला रंगाचा एक पट्टा असे.

मुलांनो, परवा तुम्ही तुमच्या गावातल्या एका जुन्या इमारतीवर लेझरने रेखलेल्या अक्षरांचा व्हिडिओ पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तुमच्याकडे असं कधी होतं का?" होतं. लेझर नव्हता, गोडेतेलाचा डबा होता. तो डबा आठवला की मला अजून संताप येतो. डब्याचा नाही. कोणाचा, ते सांगते.

ते पेंटर होते. कॉलेजात आम्ही सगळे त्यांना पेंटरच म्हणायचो, म्हणून इथेही तसंच लिहिते. डब्यात मोठा दिवा, तोंडाशी बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजमधून मिळवलेलं भिंग, आणि मध्ये काच सरकवायला खाच. काचेवर कंदिलाची काजळी धरायची आणि सुईने अक्षरांच्या फक्त कडा कोरायच्या. दिवेलागणीला दिवा पेटवला की भिंतीवर उजेडाच्या रेषांतली अक्षरं उभी राहायची, माणसापेक्षा उंच. ती खडूने गिरवायची आणि दुसऱ्या दिवशी रंग भरायचा.

काच मात्र उलटी घालावी लागे. पहिल्यांदा मी म्हटलं, "अहो, उलटी घातलीत." तर म्हणाले, "सुलटी घातली तर मालकाचं नाव शीर्षासन करंल की!"

तेव्हा वाळूजला नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि पेंटरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांना इंग्रजी येत नसे. कारखान्याने मजकूर दिला की ते सायकलवरून माझ्या टेबलाशी येत. मी तेव्हा कार्यालय अधीक्षक होते. "मॅडम, हे विंग्रजी तेवढं बघा." एकदा कागदावर लिहिलं होतं की इथे येणाऱ्या पाहुण्यांवर खटला भरण्यात येईल. लिहिणाऱ्याला विनापरवाना घुसणारे म्हणायचं असावं. मी अर्थ सांगितला तर खुर्चीला धरून हसले. "बरं झालं इचारलं. च्या प्यायला जाणार होतो तिथं!"

वाकडी अक्षरं त्यांना सोसत नसत. पैठणच्या रस्त्यावर एका लाँड्रीच्या पाटीवरची शिरोरेषा खाली उतरत गेलेली पाहून ते सायकलवरून उतरले आणि दुकानदाराला म्हणाले, "कपड्याला इस्त्री करता, पाटीला बी करा की राव!"

आता त्या दिवसांचं. इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, म्हणून किती वर्षं लोक झगडले ते तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्या वर्षांत माणसं मेली, गावोगाव बौद्ध वस्त्यांतली घरं जाळली गेली. आपल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, "नावात काय आहे" असं म्हणणारे होते. मीही कधी त्यांना उत्तर दिलं नाही. अखेर सरकारने नाव दिलं. आमचं कॉलेज त्या विद्यापीठाशी संलग्न, तेव्हा इमारतीच्या कपाळावर, गच्चीच्या कठड्याखालच्या लांब पट्टीवर, नवं नाव लिहायचं ठरलं. मी पेंटरांना बोलावलं. ते त्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून आले.

संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "हे बघ पेंटर, पूर्ण नाव बसत नाही. जागा पुरत नाही. पहिली पहिली अक्षरं लिही, सगळ्यांना कळतं."

पेंटर मोठे होते त्यांच्याहून, चांगले दहा वर्षांनी. तरी "लिही".

"जागा मशीन ठरवतं, सायब," पेंटर म्हणाले. "मागं घेतलं की मोठं, पुढं घेतलं की बारीक. संध्याकाळी दावतो."

संध्याकाळी कॉलेजच्या आवारात ते डबा घेऊन उभे राहिले. आधी मशीन झाडापाशी ठेवलं, मग दोन पावलं पुढे, मग आणखी अर्धं पाऊल. भिंतीवरची अक्षरं आक्रसत आक्रसत पट्टीत येऊन बसली. डॉक्टरपासून विद्यापीठापर्यंत, पूर्ण नाव, दोन्ही टोकांना वीतभर जागा राखून. कॉलेजातले लोक बघायला जमले होते. आमच्या ग्रंथालयातले कारकून तेवढे म्हणाले, "वा!"

सेक्रेटरी बाहेर आले. वर पाहिलं. "फारच मोठं दिसतंय."

"सायब, सकाळी जागा पुरत नव्हती, आन् आता लई मोठं दिसतंय?"

लोक हसले. हसायला नको होतं. सेक्रेटरींनी शिपायाला हाक मारली, "समोरचे हॅलोजन लाव."

दोन हॅलोजन लागले आणि नाव दिसेनासं झालं. धुतल्यासारखी पांढरी भिंत राहिली. आयुष्यात मी पुष्कळ उर्मट माणसं पाहिली, पण दिवा लावून अंधार करणारा माणूस तो एकच.

पेंटरांनी वायर कोपराभोवती गुंडाळली, काच वर्तमानपत्रात बांधली. मी जवळ गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "या नावापायी आमची वस्ती जाळली, मॅडम. बापाचं घर बी गेलं त्यात. आन् आता हे म्हणतेत जागा नाय. अर्धं नाव मी नाय लिवणार. दुसऱ्यानं बी लिवू नये."

मला भांडता येत नाही, टिपण लिहिता येतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं: सरकारने जाहीर केलेले नाव एकही अक्षर न गाळता लिहावे लागेल, ते संक्षिप्त करायचे असल्यास कृपया तसा लेखी आदेश द्यावा. आदेश आला नाही. तोंडाने "जागा नाही" म्हणणारी माणसं कागदावर तसं कधीच म्हणत नाहीत. पूर्ण नावाला मंजुरी मिळाली. पण सेक्रेटरी म्हणाले, "त्या माणसाला बोलवायचं नाही. तो राजकारण करतो." त्यावर मी टिपण लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

दुसरा कोणी रंगारी आणला. त्याने ना सूत मारलं ना माप घेतलं. डावीकडून मोठाल्या अक्षरांत सुरुवात केली, मध्यावर घाबरला, शेवटी अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसली आणि विद्यापीठातला ठ पट्टीत मावलाच नाही. तो कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेला. समोरून वाचलं तर विद्यापी. सेक्रेटरी खाली उभे राहून मला म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं जागा पुरत नाही?"



त्याच आठवड्यात एका दुपारी पेंटर आले. मी बाहेर धावले. ते वर पाहत एकेक शब्द मोठ्याने वाचत होते. माझाच संताप उसळून आला. "काय वाट लावलीय हो! तुम्हीच लिहायला हवं होतं."

"लई वंगाळ लिवलंय," ते म्हणाले. मग पुन्हा वाचलं आणि शेवटाशी थबकले. "आन् ठ कुठंय?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ते सायकल ढकलत घाईने तिकडे गेले आणि भिंतीआड दिसेनासे झाले.

त्या बाजूला मागचं फाटक होतं. तिथूनच ते बाहेर पडले असणार, कारण परत आले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला फक्त त्यांचा आवाज आला, लहान मुलासारखा मोठा.

"हाय, मॅडम! इथं हाय! पुरं हाय!"