पाहुण्याला केलेला शिरा

माझ्या गावात मला शिरा-हवालदार म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर ‘फौजी’ म्हणतात, रामराम घालतात, पंधरा ऑगस्टला शाळेच्या मांडवात पुढची खुर्ची देतात. पाठ वळली की शिरा. जामखेडच्या अंगाचं कोरडवाहू गाव, करमणुकीला दुसरं फारसं काही नाही, त्यामुळे एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. मी आता नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी गावी जातो. गेटवर हे नाव अजून पोचलेलं नाही. पोचेल.

हे नाव मला एका बातमीनं दिलं.

फौजेतल्या माझ्या शेवटच्या वर्षांत आमची पलटण आफ्रिकेत गेली होती, शांतिसेनेत. निळं हेल्मेट घालायचं आणि दुसऱ्यांच्या भांडणात मधे उभं राहायचं, असं ते काम. हातात बंदूक असते, पण ती कधी चालवायची याचा हुकूम वरून येतो, आणि हे ‘वर’ नेमकं कुठे आहे ते शिपायाला शेवटपर्यंत कळत नाही. आमची पोस्ट लहान होती. टेकाडावर तंबू, भोवती वाळूच्या गोण्या आणि काटेरी तार, आणि खाली नाल्यापलीकडे एक वस्ती.

एका सकाळी त्या वस्तीवर बंडखोरांची टोळी आली. ते खूप, आम्ही थोडे. साहेबांनी वायरलेसवर वस्तीत जायची परवानगी मागितली. उत्तर आलं, पोस्ट सोडू नका. आम्ही सोडली नाही. वस्ती जळत होती आणि आम्ही गोण्यांमागून बघत होतो, हे खरं आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही. पण आम्ही फाटक उघडलं. तसा हुकूम नव्हता, साहेबांनी आपल्या जबाबदारीवर उघडायला लावलं. धावत आली तेवढी माणसं आत घेतली. बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. एक बाई तर हातात नुसतं रिकामं पातेलं घेऊन आली होती. टोळी मागोमाग तारेपर्यंत आली, तेव्हा आम्ही सगळे बंदुका रोखून रांगेत उभे राहिलो, आणि टोळी परत फिरली.

आत आलेल्यांतली एक बाई माझ्या बुटांवर थुंकली. तिचं घर समोर जळत होतं आणि मी बंदूक घेऊन उभा होतो. मला तिचा राग आला नाही, आजही येत नाही. तिला तो हक्क होता.

ती सगळी माणसं मग आमच्याकडेच राहिली. रसद यायचा रस्ता बंद झालेला. आमचा कुक आपल्याच जिल्ह्यातला, राहात्याकडचा. त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, आधी पोरं, मग म्हातारी माणसं आणि बाया, शेवटी फौज. पोरांना दोन्ही वेळ खिचडी. आम्हाला एकदाच, तीही अशी की डाळ शोधावी लागे. आम्ही कुरकुर केली नाही असं नाही. केली, आणि तीच खिचडी खाल्ली. एक रव्याचा डबा मात्र त्यानं बाजूला ठेवला होता. पलटणीच्या मंदिरात रविवारी आरती होते, तिच्या प्रसादाचा तो रवा. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे.

मग एक दिवस हेलिकॉप्टर आलं आणि त्यातून एक परदेशी पत्रकार उतरला. घामानं डबडबलेला, तोंड उन्हानं लाल झालेलं. कुकनं त्याला लांबूनच पाहिलं आणि सरळ रव्याच्या डब्याकडे गेला.

“देवाचा रवा हाय त्यो,” मी म्हणालो.

“पाव्हना आलाय. इतक्या लांबून आलेल्या मानसाला खिचडीचं पानी देऊ व्हय? देव काय म्हनत न्हाई.”

उरलंसुरलं तूप घालून त्यानं शिरा केला. वासानं पोरं गोळा झाली. त्यानं एकेकाच्या तळहातावर चमचा-चमचा ठेवला आणि राहिलेला सगळा ताटलीत घालून पाहुण्यापुढे नेला. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही. खायच्या आधी त्या माणसानं ताटलीचा फोटो काढला. मी जवळच उभा होतो. मला वाटलं, आवडलेला दिसतोय.

खाऊन झाल्यावर त्यानं मला विचारलं, इथे कसं काय चाललंय, काही अडचण? आता फौजेत या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मोठा साहेब पाहणीला येतो, विचारतो, काही तक्रार? तुम्ही तापानं फणफणत असलात तरी छाती काढून म्हणायचं, नाही साहेब, सगळं ठीक. वर्षानुवर्षं घोटलेलं तेच उत्तर माझ्या मोडक्या इंग्रजीत बाहेर पडलं. “नो प्रॉब्लेम, सर. एव्हरीथिंग ओके.” नाल्यापलीकडे तेव्हाही धूर निघत होता.

बातमी आली ती अशी. वस्ती राख झाली, तिथली पोरं उपाशी आहेत, आणि टेकाडावर शांतिसेनेचे जवान तुपातला शिरा खातात आणि सांगतात, काही अडचण नाही. सोबत ताटलीचा फोटो. कोपऱ्यात माझे बूट. उघडलेल्या फाटकाबद्दल एक ओळ नाही, आत बसलेल्या माणसांबद्दल एक शब्द नाही. आपल्याकडच्या चॅनेलवाल्यांनी ती उचलली आणि कोट घातलेली माणसं आमच्या लाजेवर चर्चा करत बसली. आम्ही खुलासा करायचा नाही, पत्रकाराशी बोलायचं नाही, हा नियम. वरून निरोप आला, शांत राहा. शांतिसेनाच ना आम्ही.

टीकेचा मला राग नाही. वस्तीत का गेला नाहीत, हे त्यानं तोंडावर विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण आमच्याच ताटलीत जेवून आमच्यावर उपाशी पोरांचा आळ घालायचा, हे मला आजतागायत गिळता आलेलं नाही.

आणि हा आळ माझ्या आईपर्यंत गेला. गावाच्या बातम्या मोबाईलवर फिरवणं हाच ज्याचा धंदा, त्या शेजाऱ्यानं तिला तो फोटो दाखवला, बातमी वाचून दाखवली. माझी आई जन्मभर ऊसतोडीला गेलेली बाई. साखर कारखान्याच्या गोड वासात पाचटाच्या कोपीत पोरं उपाशी निजवलेली, त्यातला एक मी. मी सुट्टीवर आलो तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “लेकरं उपाशी हुती, अन् तुमी शिरा खाल्ला?”

मी सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “पेपरवाला खोटं कशाला लिवील? त्याला काय मिळतंय?”

तेव्हापासून आमच्या घरात शिरा झाला नाही. भावाच्या मुलाच्या बारशालासुद्धा नाही. पूर्वी मी जेवताना ती समोर बसायची, ते बंद झालं. ताट वाढायची आणि आत जायची. गावानं काय म्हणायचं ते म्हणो, पण आईच्या नजरेत मी पोरांच्या तोंडचा घास खाणारा झालो, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता.

गेल्या थंडीत कुक आमच्या गावी आला. तोही आता रिटायर होऊन शेती बघतो. येताना पिशवीभर पेरू घेऊन आला. मी आईला सांगितलं, शिरा केला तो हाच. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं रवा भाजल्याचा वास आला, तशी माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. पाहुणा आला होता. आईला दुसरं काही करताच आलं नसतं.

तिनं दोन ताटल्या आणून पुढे ठेवल्या. कुकनं हात लावला नाही. उठला, ओट्यावर खेळणाऱ्या भावाच्या पोरांना हाक मारली आणि आपल्या ताटलीतला शिरा चमच्या-चमच्यानं त्यांच्या तळहातावर ठेवत गेला. मग म्हणाला, “आई, तुमी जेवला का?”

“मी बसल की मागनं.”

“मग आमीबी मागनंच. आदी पोरं, मग म्हातारी मानसं, शेवटी फौज.” हे तो सवयीनं बोलला, तिला काही पटवायला नाही.

आई त्याच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. “तिकडंबी असंच वाढत हुतास?”

“व्हय.”

“अन् त्या पेपरवाल्यानं इचारलं का तुमाला, जेवला का म्हून?”

“न्हाई,” कुक म्हणाला. “आनखी हाय का, एवढं इचारलं.”

आई खाली बसली. माझ्या समोर. किती वर्षांनी. स्वतः दोन घास खाल्ले, मग माझी ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “खा.” मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात दारात शेजारी उभा राहिला. तोच. “वास आला, फौजी. शिरा दिसतोय!”

आईनं त्याच्याकडे बघितलं. तोंडाशी आलेलं काहीतरी तिनं गिळलं. दारात आलेलं माणूस. ती उठली, आत गेली आणि त्यालाही ताटली भरून आणली.

तो आमच्यातच मांडी घालून बसला. खायच्या आधी त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि ताटलीचा फोटो घेतला. कोपऱ्यात माझे पाय आले असतील.