वलगणीचा वाटा

पावसाळ्याच्या तोंडाला ओढा फुगून भातशेतात शिरतो आणि नदीतले मासे अंडी घालायला त्या पाण्यातून वर चढतात. आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात. वलगण चढली की अख्खं गाव टोपल्या, जाळी, मच्छरदाणीचे तुकडे घेऊन बांधावर. मासे पोटाने फुगलेले, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले. पळता येत नाही त्यांना. हाताने उचलायचे. आणि ज्या घरातून कुणी आलं नाही, म्हातारं आहे, आजारी आहे, सुतकात आहे, त्या घराचा वाटा आधी काढून ठेवायचा. हा नियम कुणी मोडलेला मी पाहिला नाही.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं आणि मोहोपाड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. माझा धाकटा भाऊ बारावीनंतर स्वयंपाकाचं शिकला आणि मालवाहू जहाजावर भटारखान्यात गेला. वडील लवकर गेले होते. आईने आम्हा दोघांना मजुरीवर आणि खरं सांगायचं तर सुक्या माशांवर वाढवलं. वलगणीचे मासे ती मीठ लावून वाळवायची, ते भाताच्या पेजेबरोबर दिवाळीपर्यंत पुरायचे.

भावाचं जहाज एकदा दुरुस्तीसाठी उत्तरेकडच्या एका थंड बेटावर थांबलं. तिथे त्याने देवमाशांची शिकार पाहिली. काळे, गोल डोक्याचे देवमासे, कळपच्या कळप. होड्यांनी मागून हाकत त्यांना उथळ पाण्यात आणलं आणि गावातली माणसं कंबरभर पाण्यात शिरली. बायका, म्हातारे, पोरं काठावर. भावाच्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. त्यानेही ओढलं. संध्याकाळी त्याच म्हाताऱ्याच्या घरी तो जेवला. मांस विकत नाहीत, घरटी वाटे पडतात, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांचा वाटा आधी निघतो. हे त्याने फोनवर मला सांगितलं तेव्हा हसत होता. "ताई, आपलीच वलगण गं. फक्त मासा मोठा."

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर गेला. तिथे देवमासे ओळीने फाडून ठेवले होते. एका मादीच्या पोटातलं पिल्लू बाहेर काढून तिच्या शेजारी ठेवलं होतं. पूर्ण वाढलेलं. मादीच्या अंगातून दूध गळत होतं आणि धक्क्यावरच्या पाण्यात मिसळत होतं. हे त्याने मला फोनवर सांगितलं नाही. पुढच्या वर्षी घरी आला तेव्हा सांगितलं, तेही आईने त्याच्या ताटात गाबोळी वाढली तेव्हा.

तो ऐन वलगणीत आला होता. आईने मुद्दाम त्याच्यासाठी सगळ्यात मोठी गाबोळी तव्यावर परतली होती, आंबट-तिखट, त्याला लहानपणी आवडायची तशी. त्याने ताट सरकवलं.

"जहाजावर राहून साहेब झाला रं तू," आई म्हणाली.

मग त्याने ते सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. तिने एकच विचारलं, "ती माणसं वाईट हायेत का?"

"नाय आये. आपल्यासारखीच हायेत. त्याचंच तर वाईट वाटतं ना."

"तिथं खायाला मिळत नाय का दुसरं?"

"दुकानं भरलेली हायेत."

"मग?"

"बाप मारायचा म्हणून मारतात."

आईने ताट परत त्याच्यापुढे ओढलं. मग म्हणाली, "देवमासा दूध पाजतो. आपला मासा पाजत नाय."

"पोट ते पोटच ना, आये."

तेव्हा मात्र ती चिडली. "या पोटांवर तुमी जगलात. ती नसती तर तू जहाजावर नसतास आणि ही कारखान्यात नसती." तिने गाबोळी उचलून शेजारी दिली आणि त्या रात्री ती जेवली नाही. तो जाईपर्यंत ताटावर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

मी कुणाच्या बाजूची होते? आई रोज संध्याकाळी बुद्धवंदना घ्यायची. मी चिडवायचे, "आता पाणातिपाता वेरमणी, जीव मारणार नाही म्हणायचं, आणि मग सुकटीचं कालवण." ती म्हणायची, "म्हणते म्हणून कधीतरी जमंल. न म्हणणाऱ्याला तर कधीच नाय जमायचं."

त्याच सुमारास कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मोबाइलवर तसल्याच शिकारीचा व्हिडिओ फिरवला. लाल झालेला समुद्र. "रानटी आहेत साले," एकजण कोंबडीचा तुकडा तोडत म्हणाला. मी म्हटलं, "माझा भाऊ जेवलाय त्यांच्या घरी."  मग एक बाई हसून म्हणाली, "तुमच्यात काय, चालत असेल."

तुमच्यात. मला हा शब्द नवा नाही. माझ्या आजोबांना गावाने मेलेली ढोरं ओढायला लावली आणि त्यांनी ती खाल्ली म्हणून नावंही गावानेच ठेवली. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी ते खाणं सोडलं. त्या वर्षी घरात दुसरं काही शिजत नव्हतं, तरी सोडलं. कुणी व्हिडिओ काढून लाजवलं म्हणून नाही. मी त्या बाईला हे सुनावलं आणि डबा बंद करून उठले. पण उठताना डोळ्यांसमोर ते धक्क्यावरचं दूध होतं. मला त्या बेटावरच्या माणसांना शिव्या द्यायच्या नव्हत्या आणि त्यांचं बरोबर आहे असंही म्हणायचं नव्हतं. आजही दोन्ही म्हणवत नाही.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. उशिरा कळलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. भाऊ रजा टाकून आला. वलगण चढली तेव्हा ती खाटेवर होती, आमच्या घरातून कुणी गेलं नाही, म्हणून शेजारचे काका आमचा वाटा पातेल्यात घेऊन आले. आईला पाणीसुद्धा पचत नव्हतं. तरी तिने मला गाबोळी परतायला लावली आणि ताटली भावासमोर ठेवायला सांगितली.

"मी गेल्यावर नको खाऊस. एक घास माझ्यादेखत खा. मला वाटू दे मी तुला वाढवलं ते पाप नव्हतं."

त्याने घास तोंडात घातला. चावला नाही. गाल तसाच फुगलेला, डोळ्यांतून पाणी. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी तिला इतकं टक लावून कशाकडेही बघताना पाहिलं नव्हतं.

"थुंक रं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"थुंक म्हणते ना. मरत्या आईसाठी गिळू नको." तिने आपला हात त्याच्या तोंडाखाली धरला, तो लहान असताना धरायची तसा. तिच्या त्या सुकलेल्या तळव्यावर त्याने घास टाकला. तिने मूठ मिटली आणि भिंतीकडे वळून झोपली. श्रावणात ती गेली.

या वर्षी वलगण चढली तेव्हा भाऊ जहाजावर होता. मी गेले नाही. दुपारी काका पातेलं घेऊन दारात आले.

"काका, पुढच्या वर्षीपासून आमचा वाटा नका काढू," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. "असं नको बोलू गं पोरी. वाटा नाय काढला म्हणजे घर उठलं. तुझ्या आयेचं घर उठलं असं सांगू का गावाला?"

 मी म्हटलं, "मग काढा. इथं उंबऱ्यावर टेकवा, आणि पुढं तुमच्या घरी न्या."

त्यांनी पातेलं उंबऱ्यावर ठेवलं. आम्ही दोघं उगीच त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मासे तर मेलेलेच होते. मी खाल्ले काय, काकांनी खाल्ले काय, त्यांना फरक पडणार नव्हता. मग काका पातेलं उचलून गेले आणि उंबऱ्यावर पाण्याचं ओलं वर्तुळ राहिलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"वाटा आला होता?"

"आला होता."

"गाबोळी होती?"

"होती," मी म्हटलं. "उंबऱ्यावर टेकवून काका घेऊन गेले."